भेव आणि लाज

पित्ताशयात खडे झाले आणि ऑपरेशन ठरलं, की घरात माणसं जमतात. शेजारच्या काकू डबा पाठवतात, कोणी नवस बोलतं, कोणी रात्री दवाखान्यात थांबायची तयारी दाखवतं. आजारी माणसाला घाबरायची पूर्ण मुभा असते. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला निघालेल्या माणसाला ही मुभा मिळत नाही. त्यानं भीती बोलून दाखवली, की समोरून येतं, ‘मग करता कशाला? तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती.’ त्यामुळे टेबलावर जाण्याआधी त्याला दोन ओझी वाहावी लागतात. एक भीतीचं, दुसरं लाजेचं. दीर्घ श्वास घ्या, गाणी ऐका, चांगले विचार करा, हे सल्ले वाईट नाहीत, पण ते भीतीपुरतेच आहेत. लाज तशीच आत बसून राहते आणि भीतीला बाहेर पडू देत नाही.

यवतमाळसारख्या गावात या लाजेला वेगळी धार आहे. बाहेरच्या वर्तमानपत्रांत या जिल्ह्याचं नाव कापूस, कर्ज आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसोबतच छापून येतं. अशा ठिकाणी जाड असणं हाच गुन्हा वाटू लागतो. माझी एक मावसबहीण आर्णी रोडला राहते, शाळेत शिकवते. साखर, गुडघे, झोपेत अडकणारा श्वास असं सगळं एकावर एक साचत गेल्यावर तिनं नागपूरला शस्त्रक्रिया करून घ्यायचं ठरवलं. तेव्हा ती मला म्हणाली होती, ‘दादा, इथं लोकायले दोन टाइम पोटभर भेटत नाई, अन् मी पोट कापाले पैसे भरून रायली.’ तिला जीव जाण्याचं भेव होतंच. पण या वाक्यात दिसते ती लाज.

तारीख दसऱ्यानंतरची होती. अशा शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे पातळ, कमी उष्मांकाचा आहार देतात, आणि त्याला कारण आहे. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. स्थूल माणसाचं यकृत चरबीनं सुजून जड झालेलं असतं, आणि दुर्बिणीतून काम करताना तेच आड येतं. दोन आठवड्यांच्या आहारानं ते आकसतं आणि सर्जनला वाट मोकळी होते. म्हणजे ती उपाशी राहत होती, तेव्हा शस्त्रक्रियेचा पहिला भाग ती स्वतःच पार पाडत होती. पण गल्लीत हे सांगायचं कसं? घट बसायच्या आधीचे चार दिवस तिनं पित्ताचं निमित्त काढलं, आणि मग नवरात्राचे उपास धरलेत असं सांगून टाकलं. यवतमाळचा दुर्गोत्सव मोठा. गावभर रोषणाई, रात्री उशिरापर्यंत मंडपांसमोर गर्दी. त्या गर्दीत ती ताक आणि वरणाच्या पाण्यावर फिरत होती, आणि गल्लीतल्या बायका तिच्या कडक उपासाचं कौतुक करत होत्या. ते कौतुक तिला फार लागलं. देवीसाठी रिकामं ठेवलेलं पोट पुण्याचं, आणि जगण्यासाठी ठेवलेलं लपवण्याचं, हा भेद कोणी केला असेल?

तो कोणी केला ते सांगता येत नाही, पण देहाची निंदा मात्र जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे, अष्टौनिन्दितीय. लोक ज्यांची निंदा करतात असे आठ देह तिथे मोजले आहेत: फार उंच, फार ठेंगणा, केसाळ, केसहीन, फार काळा, फार गोरा, फार जाड आणि फार बारीक. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. निंदेची यादी देऊन चरक थांबत नाही. जाड आणि बारीक या दोघांना तो बाजूला काढतो आणि वैद्याच्या नजरेनं पाहू लागतो. जास्त खाणं, व्यायाम नसणं, दिवसा झोपणं ही कारणं तो सांगतो, आणि त्यांच्याच ओळीत बीजाचा, म्हणजे आईबापांकडून आलेल्या प्रकृतीचा दोषही मांडतो. अतिस्थूल माणसाच्या त्रासांत तो अतिशय भूक आणि अतिशय तहान धरतो. मेदानं मार्ग अडले की वायू कोठ्यातच फिरतो, अग्नी भडकवतो, खाल्लेलं लवकर जिरतं आणि शरीर पुन्हा अन्न मागतं, अशी त्याची मांडणी आहे. शरीरशास्त्र आज वेगळ्या भाषेत बोलतं. तरी भूक हा आजाराचाच एक भाग आहे, हे त्यानं ओळखलं होतं.

१९९९ साली जपानी संशोधकांनी घ्रेलिन नावाचं संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि मेंदूला भुकेचा निरोप देतं. वजन कमी करण्याच्या ‘स्लीव्ह’ नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग काढतात, त्यात हा फुगीर भाग जातो. म्हणून ही शस्त्रक्रिया पिशवी लहान करण्यापुरती नसते, भुकेचा आवाजही ती काही काळ खाली आणते. ज्यानं वर्षानुवर्षं त्या आवाजाशी एकट्यानं झुंज दिली आणि दर वेळी हरल्यावर स्वतःलाच शिव्या दिल्या, त्याला हे कोणीतरी शस्त्रक्रियेआधीच नीट समजावून सांगायला हवं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळं वजनानं लहान होती, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानानं राखलेली. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो एकत्र छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पिढ्यान्‌पिढ्या कमी खाऊन जगलेल्या घरांतलं शरीर मिळेल ते साठवायला शिकतं, असा या सगळ्या कामाचा रोख आहे. माझी मावशी १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती. मुख्यमंत्री तेव्हा याच जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला आज त्यांचंच नाव आहे. दुष्काळ सरल्यावर मावशीच्या पोटी ही मुलगी आली. एका माणसाच्या वजनाचा हिशेब असा सरळ मांडता येत नाही, हे खरं. पण अभावाच्या जिल्ह्यातलं जाड शरीर म्हणजे माजलेलं शरीर, हे मानायला आता मी तयार नाही. ते त्याच भुकेचं दुसरं रूप असू शकतं.

यवतमाळहून नागपूरला जाताना कळंब, देवळी आणि मग वर्धा लागतं. वर्ध्याजवळच सेवाग्राम. बहिणीला घेऊन त्या रस्त्यानं जाताना मला गांधीजींच्या शस्त्रक्रियेची आठवण येत होती. जानेवारी १९२४. येरवड्याच्या तुरुंगात त्यांचं अपेंडिक्स बिघडलं, त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणलं. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करणार होते. गांधीजींचे स्नेही श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेतलं होतं. संमतीचं पत्र तयार झालं आणि गांधीजींनी सही केली. सही करताना हात थरथरत होता. तो कसा थरथरतो आहे हे त्यांनीच कर्नलना दाखवलं, आणि हे तुम्हालाच बरं करावं लागेल, असं म्हणाले. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरं झालं.

ती थरथर तापाची होती, अशक्तपणाची की भीतीची, ते आपण कसं ठरवणार? पण थरथरणारा हात लपवला नाही, ही त्या रात्रीची मोठी गोष्ट आहे. मला अडचण वाटते ती पुढच्या घटनेची. ‘हिंद स्वराज’मध्ये डॉक्टर आणि दवाखान्यांवर कडाडून टीका केलेल्या गांधीजींना लोकांनी विचारलं, की तुम्ही शस्त्रक्रिया का करून घेतली? ‘यंग इंडिया’त त्यांनी कबूल केलं, की आजार आपल्या विचारांच्या दुबळेपणातून आला आणि शस्त्रक्रियेला राजी होणं हा आणखी एक दुबळेपणा. त्यांच्या प्रामाणिकपणापुढे मी नतमस्तक आहे. पण हा विचार मला पटत नाही. अपेंडिक्स सुजणं हा मनाचा दोष नव्हता. महात्म्यालासुद्धा आजाराचं उत्तर स्वतःच्या चारित्र्यात शोधावंसं वाटलं, तर आर्णी रोडवरच्या शिक्षिकेची काय कथा? तरी सही करतानाचे गांधीजी मला जवळचे वाटतात. भीती वाटत असेल तर ती डॉक्टरला दाखवावी, एवढं त्यांच्याकडून घेता येतं.

आणि दाखवलेल्या भीतीचं काही करता येतं. १९६४ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एग्बर्ट या भूलतज्ज्ञानं पोटाच्या शस्त्रक्रिया होणाऱ्या ९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांजवळ बसून आधीच सांगितलं होतं: नंतर दुखेल, कुठे दुखेल, का दुखेल, अंग सैल कसं सोडायचं, कूस कशी बदलायची. त्या रुग्णांना वेदनाशामक औषध साधारण अर्धंच लागलं, आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. त्यांना काही होणार नाही असं कोणी सांगितलं नव्हतं. दुखेल, असंच सांगितलं होतं. सुश्रुतानंही शस्त्रकर्माआधी बऱ्याच रुग्णांना जेवू घालावं, पिणाऱ्याला तीक्ष्ण मद्य पाजावं असं लिहून ठेवलं आहे. आज नेमकं उलट, उपाशी ठेवतात. पण रुग्णाला दुखणार हे दोन्हीकडे गृहीत आहे.

बहिणीनं शाळेच्या दोनशेपानी वहीत प्रश्न लिहून नेले होते. मधेच जाग आली तर? रात्रीचं श्वासाचं मशीन ऑपरेशननंतर लावायचं का? टाका सुटून गळती झाली तर कसं कळेल? शेवटचा प्रश्न तिनं पेन्सिलीनं लिहिला होता: परत येईन ना? भूलतज्ज्ञ बाई बसल्या, आणि एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. गळतीची लक्षणं त्यांनी बोटांवर मोजून सांगितली: नाडी वाढणं, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी आकडा दिला. अमेरिकेत ४,७७६ रुग्णांवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या तीस दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण ०.३ टक्के होतं. बहीण म्हणाली, ‘हजारात तीन म्हणजे कोणाच्या तरी घरचे तीन.’ बाई म्हणाल्या, ‘हो. म्हणूनच उद्या संध्याकाळी तुम्हाला चालायला लावू.’ पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून ते चालणं असतं. हे उत्तर मला फार आवडलं. त्यात जोखीम नाकारलेली नव्हती आणि पेशंटच्या हाती कामही दिलं होतं. श्वासाचा व्यायाम करायचं ते तीन निळ्या गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र तिला आठवडाभर आधीच दिलेलं होतं. श्वास आत ओढायचा, गोळ्या वर चढवायच्या, धरून ठेवायच्या. त्या रात्री तिसरी गोळी वर टिकेपर्यंत तिनं ते सोडलं नाही.

विदर्भात या शस्त्रक्रियेचं नाव घरोघरी पोचलं ते २०११ साली, नितीन गडकरींनी मुंबईत ती करून घेतल्याच्या बातम्या आल्या तेव्हा. त्यानं एक झालं, लोकांना ती ठाऊक झाली. पण मोठ्या माणसांचं काम, अशीही तिची नोंद झाली. खरं तर स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया करून घेतलेले रुग्ण सरासरी अकराएक वर्षांनंतर, न करून घेतलेल्यांपेक्षा कमी दगावल्याचं दिसलं. हे सोयीचं ऑपरेशन नाही. आयुष्य वाढवणारं आहे, आणि आयुष्यभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि तपासण्या मागे लावणारंही आहे.

आदल्या रात्री मात्र बहिणीच्या मनात मरण नव्हतं, पंगत होती. आपल्याकडे माया ताटातून वाढली जाते. पुरणपोळीवर तुपाची धार सोडताना ‘पुरे’ म्हणणाऱ्याचा हात बाजूला सारतात, आणि दोन घासांत उठलेला पाहुणा म्हणजे यजमानाचा अपमान. माघात पुतण्याचं लग्न होतं. ‘मी वाटीभर खाऊन उठली तर व्याही काय म्हणतील?’ हसण्यावारी न्यावी अशी ही चिंता नव्हे. ज्या गोष्टीनं ती आयुष्यभर माणसांशी बांधलेली होती, तीच सकाळी कमी होणार होती. आहारतज्ज्ञ मुलीनं सांगितलं: छोटी ताटली घ्या, आधी डाळ, पनीर, अंडं असं प्रथिनांचं खा, घास चावून चावून बारीक करा, जेवताना पाणी नको, नंतर अर्ध्या तासानं. बहिणीनं ते वहीत उतरवून घेतलं. आग्रह करणाऱ्याला काय सांगायचं, याचं उत्तर त्या मुलीकडे नव्हतं.

ते सासूबाईंकडे होतं. त्या खाटेच्या कडेला बसून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘तू कायले सांगतं? मी सांगीन ना. सूनबाईचं पोटाचं ऑपरेशन झालं, तिले एवढंच चालते. पंगतीतून मात्र उठू नको बाई, सगळ्यायचं होईपर्यंत बसून राय.’ मग बहिणीनं त्यांना, पहिल्यांदाच, मले लय भेव लागून रायलं म्हणून सांगितलं.