प्लेगम्माला हिशेब विचारा

1898 मध्ये प्लेग रेल्वेच्या वाटेने बेंगळुरूला पोहोचला आणि हजारो माणसे गेली. त्या साथीतून शहराला मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या रुंद रस्त्यांच्या, हवेशीर वस्त्या मिळाल्या. आणि प्लेगम्माही मिळाली. रोगाच्याच नावाची ही देवी आजही बेंगळुरूत पुजली जाते. मराठी वाचकाने नवल करू नये. पटकीची मरीआई आपणच केली. 2021 मध्ये कोइम्बतूरला कोरोनादेवीची मूर्ती बसली, तेव्हा हा प्रश्न पणजोबांच्या काळातच संपला असेही म्हणता येत नाही.

'यात बिघडले काय? मनाला आधार मिळतो,' असे शिकलेली माणसे विचारतात. तापाने फणफणलेल्या लेकराच्या आईने देवीपुढे हात जोडले म्हणून तिला हसण्याचा हक्क कोणालाही नाही. माझा आक्षेप 'देवी कोपली' या विधानावर आहे. कोप म्हटला की अपराध आला आणि अपराधी ठरतो तो ज्याच्या घरात मृत्यू झाला तोच. मूल गेले ते गेलेच, वर त्या घराच्या माथी पापही मारले जाते. हे विधान निरुपद्रवी कसे?

आता खरे कारण पाहा. प्लेगचा जंतू पिसवेच्या पोटात असतो तेव्हा त्याच्या अंगावर विशेष आवरण नसते. पिसू चावली, जंतू माणसाच्या 37 अंश उष्णतेत आला, की काही तासांत तो स्वतःभोवती एफ-1 नावाच्या प्रथिनाचे आवरण विणू लागतो. त्या आवरणामुळे आपल्या भक्षक पेशींना तो गिळता येत नाही. त्याच्या पृष्ठभागावर सुईसारखी सूक्ष्म यंत्रणाही असते आणि तिच्या टोकाशी 'व्ही' हे दुसरे प्रथिन असते. या सुईतून तो भक्षक पेशीत अशी द्रव्ये सोडतो, की ती पेशी लुळी पडते. यात कोपाला जागा कुठे आहे? आणि जे आवरण जंतूला वाचवते तेच त्याची ओळखही पटवते. शरीराला ते आधीच दाखवून ठेवले, तर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार राहतात. म्हणून आज तयार होत असलेल्या प्लेगच्या बहुतेक नव्या लसींत एफ-1 आणि व्ही ही दोन्ही प्रथिने घेतात. एकावर भागत नाही, कारण एफ-1 नसलेले जंतूही रोग करू शकतात. ऑक्सफर्डने 2021 मध्ये माणसांवर चाचणीला घेतलेली लस याच दोघांवर बेतलेली आहे.

प्लेगची लस बनवणाऱ्या वाल्डेमार हाफकिनला यातले एकही प्रथिन ठाऊक नव्हते. मुंबईत तो बाटलीतल्या रशावर तुपाचे थेंब सोडी. त्यांना धरून जंतूंची वाढ धाग्याधाग्यांनी खाली लोंबत येई. मग तापवून जंतू मारायचे आणि तेच टोचायचे. 10 जानेवारी 1897 रोजी त्याने ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी 10 मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. एकाने स्वतःचे शरीर प्रयोगाला दिले, दुसरीने सेवेला. साथीत माणसाने काय करावे याचे याहून स्वच्छ उत्तर मला माहीत नाही.

'पण लशीनेही माणसे मेली,' हा आक्षेप खरा आहे. 1902 मध्ये पंजाबात मुल्कोवाल येथे लस घेतलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. हाफकिनला कामावरून दूर केले गेले, चौकशी झाली, एका दूषित बाटलीपर्यंत माग लागला आणि काही वर्षांनी तो निर्दोष ठरला. अन्याय झालाच, पण चूक कशामुळे झाली ते शोधले गेले. देवीच्या दारात ही सोय नाही. रोगी वाचला तर कृपा, मेला तर भक्तीत खोट. कधीही चुकू न शकणारा दावा तपासताच येत नाही आणि जे तपासता येत नाही त्याच्या हाती मुलाचा जीव द्यायचा नसतो.

सरकारी दंडेलीचे काय? पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या सोल्जरांनी घरात घुसून केलेली तपासणी हा जुलूमच होता आणि त्याविरुद्धचा संताप रास्त होता. मात्र त्या जुलमाचे माप लशीच्या पदरात घालू नये. जुलूम सत्तेचा होता. उलट, बुद्धीने आखलेल्या कामातही रूढी कशी शिरते ते बेंगळुरूतच दिसते: प्लेगनंतरच्या त्या हवेशीर वस्त्यांतले विभाग जातिधर्मानुसार वाटले गेले. आरोग्यासाठी रस्ता रुंद केला आणि मन होते तेवढेच ठेवले. एफ-1चे आवरण कोणाच्याही रक्तात सारखेच विणले जाते.

प्लेग संपलेला नाही, दबलेला आहे. 1966 मध्ये कोलार जिल्ह्यात त्याची नोंद झाली. 1994 मध्ये तो बीडच्या मामला गावात आणि सुरतेत पुन्हा दिसला. त्याच्यावर पाळत ठेवणारे केंद्र सरकारचे पथक बेंगळुरूतच आहे. रानातल्या उंदरांचे रक्त घेऊन त्यात एफ-1विरुद्धची प्रतिपिंडे आहेत का, हे तिथे तपासले जाते. ती सापडली, की जंतू त्या भागात फिरून गेला हे माणूस आजारी पडण्याआधीच कळते. शहराची खरी राखण अशी होते. या कामाला मात्र जत्रा नाही, वर्गणी नाही आणि त्याची माहिती शेजारच्या शाळेतल्या मुलांनाही नाही.

प्लेगम्माचे देऊळ पाडा असे मी म्हणत नाही. त्याच्या भिंतीवर फलक लावा: साथीचे साल, जंतूचे नाव, पिसू आणि उंदराची भूमिका, हाफकिनची लस. आणि देवळात जाण्याआधी घरातल्या बाळाचे लसीकरण कार्ड उघडून बघा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट, सहा आणि चौदा आठवड्यांची व नवव्या महिन्याची न्यूमोकोकल. यातला एकही रकाना रिकामा असेल तर आधी आरोग्य केंद्रात जा.