भटोबासांच्या म्हाताऱ्या

महानुभावांच्या ‘स्मृतिस्थळा’त एक प्रसंग आहे. चक्रधर स्वामींच्या मागे पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे, म्हणजे भटोबासांकडे आली. केशोबास त्यांचे विद्वान शिष्य. संस्कृतावर त्यांचा हात चांगला, आणि पंथाचं ज्ञान संस्कृतात मांडावं अशी त्यांची ओढ. भटोबासांनी त्यांना थांबवलं. अशानं माझ्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील, एवढंच त्यांचं कारण होतं. मराठी गोड आहे, मराठी प्राचीन आहे, मराठी आपली आहे, यातलं एकही कारण त्यांनी दिलं नाही. कोण बाहेर राहील, एवढंच पाहिलं.

मी उमरगा-लोहारा भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्यभर मराठी शिकवली. निवृत्तीनंतर नवभारत साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. संध्याकाळी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बायका जमतात. मानधन नाही, पण त्याचं मला काही वाटत नाही. मात्र पहिल्याच आठवड्यात वेशीजवळच्या एका आजींनी मला जो प्रश्न विचारला, तो अजून माझ्याबरोबर आहे. त्या म्हणाल्या, “बाई, मला अख्खा हरिपाठ येतो. देव तोंडपाठ हाय. आता ह्या वयात अक्षरं कशाला?”

हा प्रश्न आळसातून आलेला नाही. आपल्याकडे श्रवण ही भक्ती आहे, नामस्मरण ही भक्ती आहे. वाचन त्यासाठी लागतच असं कोणत्याही संतानं म्हटलेलं नाही. पंढरीची वाट धरणाऱ्या कितीतरी बायका एकही अक्षर न वाचता तरल्या, अशी आपली श्रद्धा आहे आणि माझीही आहे. मग मी त्यांना काय द्यायला निघाले होते?

त्या वेळी मी उत्तर दिलं नाही. हरिपाठाची छोटी पुस्तिका त्यांच्या हातात दिली. आजी खणखणीत आवाजात म्हणत चालल्या आणि बोट ओळीखालून सरकवत राहिल्या. आवाज दोन ओळी पुढे गेला होता, बोट मागे रेंगाळलं होतं. मी बोट धरून आवाजापाशी आणलं, तर आवाजच थांबला. अक्षर लावायचं म्हणजे हळू चालावं लागतं. काना, मात्रा, जोडाक्षराशी अडखळणं. असं काही संध्याकाळी चाललं. मग एक दिवस एका ठिकाणी थांबून त्या म्हणाल्या, “ह्याचा अर्थ काय वं?” लहानपणापासून जे म्हणत आल्या, त्याचा अर्थ त्यांनी त्या दिवशी विचारला. पाठांतराच्या वेगात प्रश्नाला जागाच नव्हती. मग शेजारच्या दोघींनी आपापला अर्थ सांगितला आणि त्या तिघींचा वाद झाला. देवाशी नातं त्यांचं आधीच होतं. आता त्याच्या शब्दांशी वाद घालायचा अधिकारही त्यांच्याकडे आला. अक्षरं कशाला, याचं मला सापडलेलं उत्तर एवढंच आहे, आणि ते मला पुरेसं वाटतं.

आपल्या भाषेतून शिकवायचं हे काम आमच्या धाराशिव जिल्ह्यात जुनं आहे. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला 1921 साली व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली. तेव्हा हा मुलूख निजामाचा. कोर्ट-कचेरी उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. न्यायानं बोलायचं तर इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेत विज्ञान, कायदा, वैद्यक शिकवायचं धाडस त्या विद्यापीठानं केलं आणि उर्दू बोलणाऱ्यांसाठी ती मोठी गोष्ट होती. पण संस्थानातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी. तिच्या मुलांना ते दार आपल्या भाषेतून उघडत नव्हतं. पुन्हा तोच प्रश्न: बाहेर कोण राहिलं?

हिप्परग्याच्या त्या शाळेत व्यंकटेश खेडगीकर मुख्याध्यापक म्हणून आले. जन्म 1903 चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. 1932 साली त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्याशानं नाव सोडलं, घर सोडलं, पण शाळा सोडली नाही. पुढे अंबाजोगाईला योगेश्वरी विद्यालयात गेले, तेही शिकवायलाच. ज्याला ‘माझं’ असं काही उरत नाही, त्यानं भाषेचं काम का करावं? मला वाटतं, ज्याची भाषेवर मालकी सुटली आहे, त्यालाच ती चांगली वाटता येते. ‘माझी मराठी’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘हिला मराठी मिळू दे’ म्हणणारा मला धर्माच्या अधिक जवळचा वाटतो.

दूरदेशीही अशी माणसं आहेत. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर वालेन्सियन बोलली जाते. फ्रँकोच्या हुकूमशाहीत तिला शाळेत स्थान नव्हतं. 1983 च्या कायद्यानं ती वर्गात आली. तिथल्या ‘एस्कोला वालेन्सियाना’सारख्या संस्थांच्या स्वयंसेवकांचं एक काम मला फार आवडतं: भाषा येणाऱ्यानं शिकणाऱ्याबरोबर ठरल्या वेळी नुसतं बोलत बसायचं. परीक्षा नाही, चुकांवर बोट नाही. देवळाच्या पायरीवरही हे सहज होण्याजोगं आहे.

आपल्याकडे कायदाही आहे. 2020 पासून राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला. त्या दिवशी माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच आठवड्यात मी बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेले होते. पहिलीतली एक पोरगी घरी गोरबोली बोलते, आईला याडी म्हणते, आणि शाळेत पाय ठेवला की गप्प होते. तिच्या वर्गात तिला कळेल असं वाक्य दिवसभरात क्वचितच येतं. निजामाच्या काळात उर्दू वर्गात बसलेल्या आमच्या आजोबांची जी गत होती, तीच तिची आज आमच्या हातून होते आहे. हे लिहिताना मला त्रास होतो, पण लिहिलंच पाहिजे. ज्या न्यायावर हिप्परग्याची शाळा उभी राहिली, तो न्याय तांड्याच्या वेशीवर थांबणार असेल, तर आपलं मराठीप्रेम आणि निजामाचं फर्मान यांत फरक काय उरतो?

मी स्वतः कन्नड बोलणाऱ्या घरातली. उमरग्याकडच्या आमच्यासारख्या लिंगायत घरांत स्वयंपाकघर कन्नडचं आणि बाजार मराठीचा. बसवण्णांचं कल्याण इथून जवळ. त्यांची वचनं अव्वा कन्नडमधून म्हणायची, आणि श्रावणात मन्मथस्वामींचं ‘परमरहस्य’ मराठीतून लागायचं. मन्मथस्वामींनी शिवधर्म मराठीत सांगितला, कारण ऐकणारी माणसं मराठी होती. त्यासाठी अव्वाची वचनं कुणी बंद केली नाहीत. माझी मराठी त्या कन्नडवर उभी आहे, तिच्याविरुद्ध नाही.

2020 च्या जानेवारीत आमच्या जिल्ह्याच्या गावी, धाराशिवला (तेव्हाच्या उस्मानाबादला), त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. तेरच्या संत गोरोबाकाकांचं नाव संमेलननगरीला दिलं होतं, आणि अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे वसईचे धर्मगुरू. ख्रिस्ती धर्मगुरू मराठीच्या व्यासपीठावर कसा, असं विचारणारेही होते. मला त्यात नवल वाटलं नाही आणि विरोध तर मुळीच पटला नाही. त्यांच्याही समोर म्हाताऱ्याच होत्या; ज्यांना येशूची गोष्ट मराठीशिवाय कळणार नव्हती अशा. भटोबासांनी त्यांना जवळ बसवून घेतलं असतं.

आता आम्ही दोघी-तिघी तांड्यावर एक प्रयोग करतो आहोत. तिथल्या एका आजीनं गोष्ट गोरबोलीत सांगायची, पोरांनी आधी हसायचं, प्रश्न विचारायचे, आणि मग तीच गोष्ट आम्ही फळ्यावर मराठीत मांडायची. ती गप्प पोरगी आता पहिल्या रांगेत बसते. पण तांड्यातल्याच एका बापानं मला अडवून सांगितलं, “बाई, आमची बोली आम्हाला येते. पोरांना तुमची मराठी शिकवा, त्यांना नोकरी पाहिजे.” त्याचं म्हणणं खोटं नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाचं ते म्हणणं आहे आणि ते ऐकून घेणं माझं काम आहे. मी त्याला एवढंच म्हटलं की मराठी शिकवतेच आहे, उद्या तूही ये आणि तुझ्या आईची गोष्ट पुरी झाल्यावर पोरीची मराठी वाचून घे. तो अजून आलेला नाही. गोष्टीचा तास मी बंद केलेला नाही.