ग्लॉसी की मॅट?

फोटो छापायला दिला की काउंटरवरचा मुलगा मान वर न करता विचारतो, "ग्लॉसी की मॅट?" आपण विचारतो, "चांगला कुठला?" आणि तो म्हणेल तो घेऊन घरी येतो. रंगीत फोटोत हे खपून जातं. लाल लुगडं कुठल्याही कागदावर लालच दिसतं. कृष्णधवल फोटोची मात्र सगळी भिस्त काळ्यावर, आणि काळा किती काळा दिसणार हे शाईइतकंच कागदाच्या पोतावरही ठरतं.

डार्करूममध्ये ज्यांनी बोटं भिजवली आहेत, त्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. लाल दिव्याखाली ट्रेमधून बाहेर काढलेला मॅट कागदावरचा प्रिंट ओला असताना असा गडद दिसतो, की रात्रीची झोप छान लागावी. सकाळी वाळलेला प्रिंट हातात घेतला, की काळ्याचा करडा झालेला. बिघडलेलं काहीच नसतं. शहाबादी फरशी पुसताना काळीभोर दिसते आणि वाळली की पुन्हा राखाडी होते, तसलाच हा प्रकार. खरखरीत पृष्ठभागावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो. तुम्ही कुठेही उभे राहा, त्यातला थोडा डोळ्यात येतोच आणि काळ्यावर फिकट साय धरतो. पाणी तो खडबडीतपणा तात्पुरता भरून काढतं. ग्लॉसी कागदात तो कायमचाच भरून काढलेला असतो. तिथे उजेड परततो तो एकाच दिशेला, आणि त्या दिशेला तुमचे डोळे नसले, तर काळ्याचा तळ लागत नाही. चांगल्या ग्लॉसी प्रिंटमधला गडद भाग पडलेल्या उजेडातला शंभरातला जेमतेम एक हिस्सा परत देतो, मॅटमधला दोन-तीन. ऐकायला फरक किरकोळ. पण ओसरीच्या आतला अंधार आणि त्या अंधारात बसलेली म्हातारी वेगवेगळी दिसणार की नाही, ते एवढ्याशा फरकावर ठरतं.

या फरकावरून मोठमोठ्यांनी बाजू बदलल्या आहेत. छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सचं 'ताओस पुएब्लो' हे पुस्तक १९३० साली निघालं. त्यात छापखान्यातली चित्रं नव्हती, खरे फोटोप्रिंट होते, आणि तेही खास बनवून घेतलेल्या, चकाकी नसलेल्या कागदावर. पुढे दोनच वर्षांत, १९३२ मध्ये, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम यांच्यासोबत 'ग्रुप एफ/६४' या छायाचित्रकारांच्या गटाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रदर्शनात तो उभा होता, तकतकीत कागदाची बाजू घेऊन. फोटोने फोटोसारखं दिसावं, चित्रकलेची उसनी मऊ झूल पांघरू नये, असं या मंडळींचं म्हणणं. मला ते पटतं. पण मग फ्रेडरिक एव्हान्सचा वेल्स कॅथेड्रलमधल्या पायऱ्यांचा, १९०३ सालचा फोटो आठवतो आणि मी गप्प बसतो. तो प्लॅटिनम प्रिंट. त्यात नेहमीच्या फोटो-कागदावरचा जिलेटिनचा थर नाही. धातू थेट कागदाच्या तंतूंत उतरलेला, म्हणून चकाकीचा प्रश्नच नाही. खोल काळ्याशिवायच झिजलेल्या दगडावरचा उजेड त्यात हलताना दिसतो. पुढे प्लॅटिनमचा कागद मिळेनासा झाला तेव्हा एव्हान्सने फोटोग्राफीच सोडली. हट्ट असावा तर असा.

आपल्याकडे वर्तमानपत्रांना फोटो ग्लॉसीच लागायचा, कारण छपाईचा ब्लॉक करताना मॅटचा पोतही चित्रात उतरायचा. तिथे आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. घरात मात्र असतो, आणि घरात मी एकच गोष्ट बघतो: फोटो हातात घेऊन पाहायचा आहे की भिंतीवर? हातातल्या फोटोवर झळाळी आली तर मनगट आपोआप वळतं, आपल्याला कळतही नाही. म्हणून अल्बमला ग्लॉसी उत्तम. फक्त बोटांचे ठसे पोरांना आवरायला सांगा. भिंतीला मनगट नसतं. समोर पूर्वेची खिडकी असेल, तर सकाळी दोन तास ग्लॉसी फोटोत आजोबांच्या जागी खिडकीचे गजच दिसतील.

आजोबांसाठी म्हणूनच मी मॅट सांगेन. स्वयंपाकघराच्या दारातून, झोपाळ्यावरून, कुठूनही ते दिसले पाहिजेत. त्यांचा काळा कोट थोडा करडा पडला तरी चालेल. अडचण येते ती फ्रेमवाल्याच्या दुकानात. तो विचारायच्या आत साधी काच बसवून मोकळा होतो. मग काळा मॅटचा तो मॅटचाच राहतो, आणि वरून गजही दिसू लागतात. काच हवीच असेल, तर चकाकी नसलेली मागा, आणि फोटो व काच यांच्यामध्ये माउंटची कड ठेवायला सांगा. कोकणातल्या दमट पावसाळ्यात काचेला चिकटलेला फोटो सोडवताना निम्मा चेहरा काचेवरच राहतो.