मजुरीचा रकाना

१९४३ साली, महायुद्ध चालू असताना, पॉल रोझेनस्टाइन-रोडान या अर्थतज्ज्ञाने पूर्व युरोपातल्या गरीब देशांच्या औद्योगिकीकरणावर एक लेख लिहिला. त्यातले जोड्यांच्या कारखान्याचे उदाहरण आजही शिकवतात. शेतात पुरेसे काम नसलेली २०,००० माणसे जोड्यांच्या एकाच मोठ्या कारखान्यात लावली, तर कारखाना बुडायचीच भीती. कारण ते कामगार आपला सगळा पगार काही जोड्यांवर उडवणार नाहीत. पण दहा लाख माणसे एकाच वेळी नाना धंद्यांत लागली, तर या कारखान्याचा कामगार त्या कारखान्याचे गिऱ्हाईक होतो. म्हणून भांडवल तुकड्यातुकड्याने नको. सगळीकडे जुळवून, एकदमच घाला.

हा विचार आपल्याकडे भातखाचरांत उतरलेला मला दिसतो, तो तंजावरला. तंजावर म्हटले की आपण तिथल्या मराठा सरफोजीराजांपाशी आणि सरस्वती महाल ग्रंथालयापाशी थांबतो. पण कावेरीच्या पाण्यावरचा हा जिल्हा तमिळ मुलखाचे भाताचे कोठार. १९६०-६१ मध्ये सघन शेती कार्यक्रमासाठी देशातले पहिले सात जिल्हे निवडले, त्यांत तंजावर होते. पुढे आपला भंडाराही या कार्यक्रमात आला. लोक त्याला ‘पॅकेज’च म्हणत. नुसते खत देऊन भागत नाही, ते घ्यायला कर्ज लागते. कर्ज फेडायला पीक वाढावे लागते, त्याला चांगले बी लागते. आणि पिकलेले ठेवायला गोदाम लागते. एक दुवा तुटला की बाकीचा खर्च वाया. म्हणून सोसायटीचे कर्ज, खते, औषधे, बियाणे, सल्ला देणारा ग्रामसेवक, सगळे एकत्र आणले. जवळच्या आडुतुरै भात संशोधन केंद्राचे ‘एडीटी २७’ हे कमी दिवसांचे भात साठच्या दशकाच्या मध्याला शेतात आले आणि दुबार पीक सोपे झाले.

योजना विचारपूर्वक आखलेली होती, हे मनापासून मान्य. पण तंजावरात लावणी-कापणी करणारे बहुतेक हात भूमिहीनांचे, त्यांतही दलितांचे. कर्ज जमीन दाखवून मिळे, खत जमिनीला मिळे. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याच्यासाठी त्या पॅकेजात काय होते? मजुरीचा रकाना कोणी आखलाच नाही. रोझेनस्टाइन-रोडानच्या मांडणीत तर सगळे चक्र मजुराच्या हातात पडणाऱ्या पैशावरच फिरते. तो हात रिकामा राहिला, तर वाढलेले पीक विकत घेणार कोण? आणि बाजाराचा हिशेब बाजूला ठेवला, तरी ज्याच्या घामाने कोठार भरते त्याचे पोट आधी भरावे, एवढे तरी योजनाकारांना दिसायला हवे होते.

मजूर अधिक धान मागू लागले, लाल बावट्याखाली एकत्र आले. जमीनदारांनी बाहेरून मजूर आणले. वाद चिघळत गेला. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेणमणी गावात, एका झोपडीत आसरा घेतलेली ४४ दलित माणसे जिवंत जाळली गेली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. खालच्या कोर्टात दोषी ठरलेले जमीनदार पुढे हायकोर्टात सुटले.

शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा तमिळनाडूने १९६९ मध्ये केला. पॅकेज सुरू होऊन तोवर आठ-नऊ वर्षे झाली होती.