नाबोथाचा मळा

आजचे वाचन : 1 राजे 21:17-29



नाबोथाची गोष्ट आपल्या वसईत फार समजावून सांगावी लागत नाही. राजा अहाबाला राजवाड्याशेजारचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता. बदल्यात दुसरा मळा, नाहीतर रोख पैसे. चांगली ऑफरच होती म्हणा ना! नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. मग ईजबेलने राजाच्या शिक्क्याची पत्रं धाडली, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडांनी मारलं. सगळं कसं कायदेशीर.

संदेष्टा एलिया अहाबाला त्याच मळ्यात गाठून शिक्षा सुनावतो. इथवर न्याय. पण अहाब कपडे फाडतो, गोणपाट नेसतो, उपास करतो, आणि देव ती शिक्षा त्याच्या मुलाच्या काळावर ढकलतो. अहाबासारख्यावरही दया! मी दर वेळी इथेच अडखळते. त्याने मळा परत केला असं कुठेच लिहिलेलं नाही. करणार तरी कोणाला? नाबोथाच्या मुलांचंही रक्त सांडलं होतं, हे 2 राजे 9:26 मध्ये कळतं.

आमच्या वाडीचा एक तुकडा असाच गेला. नात्यातल्याच माणसाने आजोबांचा अंगठा घेतला. तिथे बावखल होतं, ते भरावाखाली गेलं, वर चार मजले चढले. 2018 च्या जुलैत वसई पाण्यात होती, तेव्हा आमच्या ओटीवरही पाणी आलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी जमीन-पाण्याचं बोलायचे, तेव्हा फादरांनी आपली मिस्सा करावी म्हणणारे आमच्या घरातही होते.

गेल्या उपवासकाळात ते गृहस्थ अंथरुणाला खिळले. मला बोलावून हात जोडले. ‘‘बाय, मला माफ कर.’’ मी म्हटलं, ‘‘केलं.’’ घरी आल्यावर धाकट्या भावाने विचारलं, ‘‘आणि जमीन?’’

त्याचा प्रश्न हावरेपणाचा वाटून मी चिडले. पण यहेज्केल 33:15 उघडून बघा. दुष्ट माणूस जगेल, पण गहाण ठेवलेलं आणि लुटलेलं परत करून. लेवीय 6 मध्ये तर वर पाचवा हिस्सा द्यायचा आणि मगच अर्पण आणायचं. माझी क्षमा स्वस्त होती, कारण मला त्यांच्या खाटेपाशी अवघडायचं नव्हतं. ती दया नव्हे, भिडस्तपणा होता.

चार मजले कोणी पाडणार नाही, हे मलाही कळतं. पण एक गोष्ट लक्षात आली. मालक मेल्यावर, कितीतरी वर्षांनी, येहू रथातून येतो तेव्हाही शास्त्रात त्या जागेला नाबोथाचंच नाव आहे.

मागच्या रविवारी मिस्सेनंतर पुन्हा गेले. म्हटलं, ‘‘माफ केलंय, ते मागे घेत नाही. पण तुमच्या मुलांसमोर एकदा सांगा, ती जागा कोणाची होती.’’ ते भिंतीकडे बघत राहिले. तेवढ्यात त्यांचा मुलगा चहा घेऊन आत आला.