जुन्या यंत्राचे मूळपण

जुने यंत्र जतन करावयाचे म्हणजे नेमके काय जतन करावयाचे? जुन्या संगणकांच्या बाबतीत हा प्रश्न फार लवकर उभा राहतो. अ‍ॅपल कंपनीने १९८९ साली मॅकिन्टॉश एसई/३० हा संगणक बाजारात आणला. त्याच्या मुख्य सर्किट बोर्डावर लहान लहान इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आहेत. त्यांच्या पोटात द्रव असतो. वर्षे लोटली की तो पाझरतो आणि शेजारच्या तांब्याच्या बारीक रेषा खाऊ लागतो. यंत्र कपाटात बंद असले तरी हे थांबत नाही.

काही संग्राहक म्हणतात, हात लावू नका. मूळ भाग गेला की साक्ष गेली. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कारखान्यातला डाख, भागांवरील छापील खुणा यांवरून त्या काळची कारागिरी वाचता येते. अनाडी हाताने दुरुस्ती केली तर रेषाच उखडते. परंतु हात न लावणे हीसुद्धा एक कृतीच आहे, हे ते विसरतात. एका भागाचे मूळपण राखण्यासाठी शेजारच्या दहांचा बळी द्यावा, हे आम्हांस पटत नाही.

मात्र प्रत्येक जीर्ण भाग असा शेजाऱ्याच्या मुळावर येत नाही. १९८१ च्या बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यातील कागदी कपॅसिटरच्या आवरणाला तडे जातात, ओल आत शिरते आणि वीज जोडल्यावर धूर निघतो. हे यंत्र काचेआड नुसते पाहावयाचे असेल, तर तो कपॅसिटर खुशाल राहू द्यावा. चालवावयाचे असेल, तर आधी बदलावा.

इंग्लंडमधील हार्वेल येथे १९५१ साली कामास लागलेला, अडीच टन वजनाचा डेकाट्रॉन संगणक २०१२ साली पुन्हा चालू झाला. त्याचे बहुतेक भाग मूळचेच ठेवले गेले. थीसियसच्या जहाजाची प्लुटार्कने सांगितलेली कथा येथे आठवते. फळ्या एकेक करून बदलल्यावर जहाज तेच राहिले काय? हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या फळ्या कोणी जुळवल्या तर खरे जहाज कोणते? सेमिनरीत शिकलेल्या अ‍ॅरिस्टॉटलच्या परिभाषेत आम्ही म्हणू, द्रव्य बदलले तरी रूप टिकू शकते. आणि संगणकाचे रूप त्याच्या गणनेत आहे, त्याच्या कपॅसिटरांत नव्हे.

तरीही हॉब्जला आम्ही एवढे मानतो की काढलेले भाग फेकू नयेत. ते तारीख घालून पाकिटात ठेवावेत, काय बदलले ते लिहावे. पाकीट मात्र यंत्राच्या पेटीत ठेवू नये; द्रव अजून पाझरत असतो.