परवाना आणि जामीन

मराठीच्या कचेरीतल्या भाषेवर फारसी-अरबीचा किती खोल ठसा आहे, हे रोजच्या व्यवहारात आपल्या ध्यानातही येत नाही. अर्ज, दाखला, सनद, मुदत, परवाना, जामीन... निजामशाही-आदिलशाहीच्या दफ्तरांतून हे शब्द आले, पेशवाईत रुळले आणि इंग्रजी अमदानीतही टिकून राहिले. मलिक अहमद निजामशहाने ज्या शहराचा पाया घातला, त्या अहमदनगरचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण तिथल्या कचेरीच्या खिडकीवर उभा राहणारा माणूस आजही 'अर्ज'च करतो आणि 'परवाना'च मागतो.

यातल्या दोन शब्दांविषयी आम्हाला इथे बोलायचे आहे. परवाना म्हणजे काम करण्याआधी घ्यायची परवानगी. जामीन म्हणजे कामाचे बरेवाईट झाले तर आपल्या अंगावर घ्यायची जबाबदारी. एखाद्या धंद्यासाठी सरकारने परवाना सक्तीचा करावा की नुसती जबाबदारी पुरेशी मानावी, हा प्रश्न वरवर कायद्याचा वाटतो. आमच्या घरात मात्र तो एका मुलाच्या हाताच्या रूपाने आला.

आमचे नाना हाडे बसवत. त्यांची विद्या तालमीतली. उस्तादांनी पहिलवानांचे उखळलेले खांदे आणि मुरगळलेले घोटे बसवता बसवता त्यांना ती शिकवली. ओसरीवर सकाळपासून माणसे बसलेली असत. कोण पाथर्डीचा, कोण शेवगावचा, कोण मोहल्ल्यातलाच. नाना जात विचारत नसत, पैसे ठरवत नसत. कोणी शेर-दोन शेर बाजरी ठेवून जाई, कोणी नुसती दुआ देऊन. डोळे मिटून बोटांनी हाड चाचपायचे, 'बिस्मिल्ला' म्हणून एकच झटका द्यायचा, वर लेप, त्यावर बांबूच्या कामट्या आणि पट्टी. शेकडो लोक बरे होऊन गेले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

एकदा ऊसतोडीला निघालेल्या एका जोडप्याने आपला आठ-नऊ वर्षांचा मुलगा आणला. गाडीवरून पडून त्याचा हात कोपराजवळ मोडला होता. नानांनी हात बांधला आणि दोन दिवसांनी दाखवायला सांगितले. पण गाड्या त्याच रात्री कारखान्याच्या वाटेला लागल्या. पोर रडत राहिले, आईबापांना वाटले हाड दुखत असेल. आत सूज वाढत होती आणि पट्टी तेवढीच घट्ट होती. ते परत आले तेव्हा बोटे काळी पडली होती. सरकारी दवाखान्यात हात कोपराखाली कापावा लागला.

नानांनी त्या कुटुंबाला जमेल तेवढे पैसे दिले. बापाने तक्रार केली नाही. उलट तोच नानांचे पाय धरू लागला, कारण गरीब माणसाला आपल्या नुकसानीचा दोषही दुसऱ्याला द्यायची सवय नसते. नाना जबाबदारी घ्यायला तयार होते. पण घेऊन करणार काय? पोराचा हात त्यांच्याकडे नव्हता.

इथूनच आमचा विचार सुरू होतो.

वैद्यकाची माहिती नसताना जो उपचार करील तो होणाऱ्या नुकसानीला 'जामिन' ठरेल, अशा आशयाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. मूळ अरबी शब्द 'दामिन', उर्दूत 'जामिन'. मराठीतला आपला जामीन तो हाच. म्हणजे आपल्या परंपरेतही पहिला पाया जबाबदारीचा आहे. ज्या धंद्यात चुकीची भरपाई होऊ शकते, तिथे हा पाया पुरेसाही आहे. शिंप्याने सदरा बिघडवला तर कापडाचे पैसे भरून द्यावेत. न्हाव्याने केस वेडेवाकडे कापले तर महिन्याभरात ते वाढतात, आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाते. आपल्याकडे न्हाव्याला सरकारी परीक्षा नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडलेले नाही. अमेरिकेत मात्र केस कापण्यासाठीही परवाना लागतो. त्यासाठी अनेक राज्यांत हजाराहून अधिक तासांचे शिक्षण घ्यावे लागते. १९५० च्या दशकात तिथे वीसातल्या एका कामगाराला परवाना लागत असे, आज साधारण पाचातल्या एकाला लागतो. माणसे एवढ्या अवधीत चौपट धोकादायक झाली, असे काही म्हणता येणार नाही.

पण जिथे नुकसान परत फिरत नाही, तिथे जामीन लुळा पडतो. मेलेल्याला भरपाई पोचत नाही. आणि जामीन राहणाऱ्याच्या खिशात काहीच नसेल, तर त्याची जबाबदारी म्हणजे नुसता चांगुलपणा. अशा ठिकाणी परवाना मागणे रास्त ठरते. बगदादमध्ये हिजरी ३१९, म्हणजे इसवी सन ९३१ साली नेमके हेच घडले. एका वैद्याच्या चुकीने माणूस दगावल्याचे खलिफा मुक्तदिरच्या कानावर गेले. त्याने फर्मान काढले की, दरबारी हकीम सिनान इब्न साबित यांनी परीक्षा घेतल्याशिवाय कोणी उपचार करू नयेत. आठशे साठहून अधिक लोक परीक्षेला बसल्याची नोंद इब्न अल-किफ्ती यांच्या चरित्रग्रंथात आहे.

त्याच ग्रंथात पुढे एक हकिकत येते. एक भारदस्त म्हातारा सिनान यांच्यापुढे आला आणि दिनारांची पुडी ठेवून म्हणाला, मला धड लिहितावाचता येत नाही, पण घरची माणसे याच धंद्यावर जगतात. तो तोडू नका. सिनान हसले. त्यांनी त्याला परवानगी दिली, पण अट घालून: जे कळत नाही ते करायचे नाही, रक्त काढायचे नाही, जालीम रेचक द्यायचे नाही. म्हातारा म्हणाला, सिरका-मधाचे सरबत आणि गुलाबपाणी यापलीकडे मी आयुष्यात कधी गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी एक तरुण आला. कोणाकडे शिकलास? वडिलांकडे. वडील कोण? कालचे ते बुजुर्ग. मग त्यांच्याच वाटेने जा, पुढे जाऊ नकोस, असे सांगून सिनान यांनी त्यालाही जाऊ दिले.

कोणी म्हणेल, ही तर ढिलाई झाली. दिनारांची ती पुडी आम्हालाही खटकते. पण निर्णयात शहाणपण आहे. सिनान यांनी 'हा माणूस हकीम आहे की नाही' असा सवाल केला नाही. या माणसाच्या हातून कोणते काम निर्धोक होईल आणि कोणते नाही, असा केला. परवाना माणसाला द्यायचा की कामाला, हा या सगळ्या वादाचा गाभा आहे.

आपल्या राज्यघटनेचे कलम १९ प्रत्येक नागरिकाला पसंतीचा पेशा किंवा धंदा करण्याचा हक्क देते, आणि त्याच कलमाच्या सहाव्या खंडात लोकहितासाठी वाजवी निर्बंध घालण्याची व व्यावसायिक पात्रता ठरवण्याची मुभा सरकारला आहे. सगळा तंटा त्या 'वाजवी' शब्दाचा. महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यक व्यवसायी अधिनियमाने आयुर्वेद व युनानीच्या व्यवसायाला नोंदणी लागू केली. नोंदणीवाचून व्यवसाय करणे गुन्हा ठरले. मुंबईतल्या एका प्रकरणात होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. आपल्या पद्धतीबाहेर जाऊन उपचार करणे हाच निष्काळजीपणा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ठरवले. आमच्या ओसरीवर जे घडले, ते पाहता या कायद्यांना आम्ही नावे ठेवणार नाही.

पण याच जिल्ह्यात दुसरी एक गोष्टही घडली आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. दुष्काळी मुलूख, डॉक्टर खेड्यात राहायला तयार नाहीत, हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत. आरोळ्यांनी गावोगावच्या बाया निवडून आणवल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही टाकलेल्या. त्यांना बाळंतपण, मुलांचे वजन, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, क्षय व कुष्ठाची लक्षणे ओळखणे हे शिकवले. ज्यांना गावात पाणी वरून वाढले जाई, त्याच बायांना गाव रात्री-अपरात्री बोलवायला येऊ लागले. पाव शतकाच्या आत अर्भकमृत्यूचे प्रमाण तिशीच्या खाली उतरले. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळाला इंजेक्शन देणेही शिकवले. त्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. २००५ पासूनच्या 'आशा' योजनेमागे अशाच प्रयोगांचा अनुभव उभा आहे.

यातल्या एकाही बाईकडे पदवी नव्हती. पदवीचा हट्ट धरला असता तर मुले मेली असती, आणि कागदोपत्री कोणाचीही चूक झाली नसती. हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. परवाना नसलेल्याच्या हातून झालेले नुकसान दिसते. त्याची फिर्याद होते, बातमी होते. परवान्याच्या अटीमुळे कोणीच न आल्याने झालेले नुकसान दिसत नाही. ते नशिबाच्या खात्यावर मांडले जाते.

मग आमचे नाना आणि जामखेडच्या बाया यांत फरक काय? हात दोघांचे शिकलेले, पदवी दोघांकडे नाही. फरक मागच्या आधाराचा होता. त्या बायांना आपली हद्द ठाऊक होती, चूक पाहणारे कोणी तरी होते, हद्दीपलीकडचा रुग्ण पाठवायला दवाखाना होता, दर आठवड्याला पुन्हा शिकणे होते. नानांच्या मागे फक्त त्यांची कीर्ती होती. आणि कीर्ती माणसाला हद्द दाखवत नाही.

म्हणून सरकारने कोणत्याही धंद्यापुढे परवान्याचे दार बसवण्याआधी काही साधे सवाल स्वतःला करावेत. चूक झाली तर ती भरून निघते का? गिऱ्हाइकाला चांगले-वाईट स्वतः पारखता येते का? नुकसान गिऱ्हाइकाचेच होते, की तिऱ्हाइताचेही? वीजजोडणी चुकली तर शेजाऱ्याचेही घर जळते. नुसत्या नोंदणीने, तपासणीने किंवा ऐच्छिक प्रमाणपत्राने काम भागते का? आणि सर्वांत अवघड सवाल: परवाना मागतो आहे कोण? पुष्कळदा मागणी गिऱ्हाइकाकडून येतच नाही, आधीच धंद्यात बसलेल्यांकडून येते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात नव्या धंद्याला परवाना लावा म्हणणाऱ्याने आधी लोकांचे नुकसान होते आहे हे दाखवून द्यायचे, असा दंडक आहे. ओझे मागणाऱ्यावर टाकणे आम्हाला न्यायाचे वाटते. आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात सामुदायिक आरोग्यसेवकांसाठी मर्यादित परवान्याची तरतूद आली, तेव्हा देशभर डॉक्टर संपावर गेले. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. पण रुग्णाच्या काळजीत आपल्या मक्तेदारीची काळजी किती मिसळली आहे, हे त्यांनीही तपासायला हवे होते.

हा प्रश्न आपल्या समाजाने स्वतःलाही करायला हवा. खाटीक, बागवान, मणियार, तांबोळी, अत्तार, पिंजारी, शिकलगार, नालबंद... हातावर जगणाऱ्या या बिरादऱ्या. मटणाच्या दुकानाचा परवाना अडकला की घरची चूल अडकते, हे कुरेशी मोहल्ल्यात सांगावे लागत नाही. स्वच्छतेसाठी अटी घालणे वेगळे आणि अर्ज नुसता पडून ठेवणे वेगळे. पहिल्यात लोकहित आहे, दुसऱ्यात मर्जी. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळण्याचा आणि नकार मिळाल्यास अपिलाचा हक्क दिला आहे. तो वापरायला आपण शिकले पाहिजे.

पण सरकार येण्याआधी सारे खुले होते, असेही समजू नये. १९१५ साली आलेल्या 'गावगाडा' या त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ग्रंथात जे गाव दिसते, तिथे प्रत्येक कामाला परवाना होताच. तो जन्माने मिळे. बकरे कापण्याचा हक्क मुलाण्याचा, केस कापण्याचा न्हाव्याचा, मेलेले ढोर ओढण्याची सक्ती महाराची. कोणती परीक्षा देऊनही एकाला दुसऱ्याचे काम मिळत नसे, आणि आपले टाकताही येत नसे. त्याहून परीक्षेचा परवाना केव्हाही बरा, पण तो खरोखर परीक्षेचा असेल तरच. फी, इंग्रजी, शहरातले कॉलेज, ओळखीचा माणूस या सगळ्यांतून गेल्यावरच जो हाती येतो, तो परवाना जुन्या जन्महक्काच्याच जवळ जातो.

त्या मुलाच्या घटनेनंतर नानांनी ओसरी बंद केली नाही. लोकही बंद करू देईनात. पण त्यांनी स्वतःला हद्द घालून घेतली. मुरगळ, लचक, पाठीची उसण एवढेच पाहायचे. हाड मोडल्याची शंका आली की हात न लावता म्हणायचे, "पहिले फोटू काढून आण." कुणी आग्रह केला तर गप्प बसत. सिनान इब्न साबित यांचे नाव त्यांनी कधी ऐकले नसावे. त्या म्हाताऱ्या हकिमाला जी अट दरबारातून मिळाली, ती नानांना एका पोराच्या हाताच्या किमतीवर मिळाली.

चांगल्या कायद्याचे काम एवढेच, की ही अट त्या पोराआधी यावी. आणि ती अशी असावी की ओसरी बंद न पडता ओसरीपासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता तयार व्हावा.